एलईडीची मासेमारी : आपण कोणाच्या बाजूने बोलायचे?

मुंब्रा, कौसा, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात राहणाऱ्या कोकणी मुसलमानांच्या घरांत दोन विषय निघाले की आवाज चढतो. एक गावाकडची जमीन आणि दुसरा मासळी. या दुसऱ्या विषयात गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द येऊन बसला आहे, एलईडी. रात्रीच्या समुद्रात प्रखर दिवे लावून मासे एका जागी गोळा करायचे आणि पर्ससीन जाळ्याने ते एकदम उचलायचे, या पद्धतीला कोकणात आता सगळेच ‘एलईडी मासेमारी’ म्हणतात. कायद्याने ती बंद आहे. तरीही ती चालू असल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. मालवणपासून हर्णैपर्यंत पारंपरिक मच्छीमार मोर्चे काढतात, निवेदने देतात, कधी समुद्रातच नौका अडवतात.

ही भांडणे फोनवरून आपल्यापर्यंत पोहोचतात, तेव्हा त्यांचा रंग बदललेला असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या पर्ससीन मालकांमध्ये मुसलमान बरेच आहेत, ही खरी गोष्ट आहे. तेवढ्या एका गोष्टीवरून ‘ते लोक आपला दर्या लुटत आहेत’ असे संदेश फिरू लागतात. मग आपल्या बाजूच्या गटांमध्ये उत्तर येते, ‘आपल्याच माणसांच्या मागे लागले आहेत.’ दोन्हीकडे राग आहे, आणि मासळीबद्दल कोणीच बोलत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दिवे लावून पर्ससीनने केलेली ही मासेमारी थांबली पाहिजे आणि मराठी मुसलमानांनी हे इतरांपेक्षा मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे. कोणी आपल्याला शिव्या देतो, एवढ्या कारणावरून चुकीच्या धंद्याची वकिली करण्याची आपल्यावर सक्ती नाही. त्याच वेळी या धंद्यावर धर्माचा शिक्का मारणाऱ्यालाही उत्तर दिले पाहिजे. ही दोन्ही कामे एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात.

दिवा नवा नाही

आधी दिव्याबद्दल. प्रकाश दाखवून मासे पकडण्यात मुळात वाईट काही नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात पहिल्या जोरदार पावसानंतर वळगणीचे मासे शेतात, ओढ्यात चढतात. गावोगावचे लोक रात्री गॅसबत्ती किंवा बॅटरी घेऊन ते पकडायला निघतात. खेकडे पकडायचे तरी हातात दिवा लागतोच. कल्याण-शहापूरच्या बाजूला ज्याचे बालपण गेले, त्याला हे वेगळे सांगायला नको. एका घराला दोन वेळचे कालवण मिळते आणि ओढा तसाच राहतो.

याच दिव्यावर आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठची लाखो माणसे जगतात. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांच्यामध्ये पसरलेल्या व्हिक्टोरिया सरोवरात बोटाएवढी रुपेरी मासळी मिळते. टांझानियात तिला डागा म्हणतात, केनियात ओमेना आणि युगांडात मुकेने. काळोख्या रात्री मच्छीमार लहान होड्या घेऊन निघतात. छोट्या तराफ्यांवर दिवे ठेवून ते पाण्यावर सोडतात. उजेडाभोवती आधी पाण्यातले सूक्ष्म जीव जमतात, त्यांना खायला ही बारीक मासळी येते, मग दिवा हळूहळू जाळ्यापाशी ओढून घेतात. सकाळी ती मासळी वाळूवर किंवा मांडवावर पसरतात. ती वाळवण्याचे आणि विकण्याचे काम मोठ्या प्रमाणात बायका करतात. आपल्या सुकट-जवळ्यासारखेच ते गरिबाचे अन्न आहे. थोडे घेतले तरी सगळ्या घराला पुरते. टांगानिका सरोवरात ंडागाला किंवा कापेंटा नावाची मासळी अशीच पकडतात. पूर्वी तिथे होडीच्या टोकाला लाकडे पेटवत. नंतर रॉकेलचे पंपाचे दिवे आले, आणि आता बॅटरीवर व सौरऊर्जेवर चालणारे एलईडी आले आहेत.

म्हणजे तिथे एलईडी ही शिवी नाही. उलट रॉकेलच्या खर्चात ज्यांच्या कमाईचा मोठा भाग जळून जात होता, त्या गरीब मच्छीमाराला एलईडीने हातभारच लावला. ही मासळी झपाट्याने वाढते, तिचे आयुष्य थोडे असते आणि ती पुन्हा पुन्हा अंडी घालते. त्यामुळे तिला बरीच मासेमारी सोसते. शिवाय तिथे चंद्राचा एक कायदा आहे. पौर्णिमेच्या आसपास उजेड सगळीकडे असतो, दिवा फिका पडतो आणि मच्छीमार काही दिवस किनाऱ्यावर थांबतात. तेवढी विश्रांती पाण्याला आपोआप मिळते.

असे असूनही तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. उजेड मासा निवडत नाही. किनाऱ्याजवळ दिवे लावले की मोठ्या जातींची पिल्लेही जाळ्यात येतात, आणि त्यावरून व्हिक्टोरियाच्या काठावर वाद होत आले आहेत. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या करिबा जलाशयात जनरेटरवर दिवे लावणारे तरंगते सांगाडे कापेंटा पकडतात. दोन्ही देशांनी या सांगाड्यांची संख्या ठरवून घेतली होती. प्रत्यक्षातली संख्या तिच्या कितीतरी पुढे गेली. टांगानिका सरोवराचे पाणी तापत चालले आहे, खालच्या थरातले पोषक पदार्थ पूर्वीसारखे वर येत नाहीत आणि मासळीचे अन्नच घटते आहे, असे शास्त्रज्ञ दोन दशकांपासून सांगत आहेत. शेवटी २०२४ साली टांझानियाने मे ते ऑगस्ट असे तीन महिने या सरोवरातली मासेमारी बंद ठेवली. शेजारी देशांशी ठरवूनच हे पाऊल उचलले गेले. ज्यांच्या हातात लहान होडी आणि लहान दिवा आहे, त्यांनाही दिवे खूप झाल्यावर थांबावे लागले.

म्हणून दिवा चांगला की वाईट, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दिवा किती मोठा आहे, तो कोणाच्या हातात आहे, त्याच्या मागे जाळे कोणते आहे आणि तो शेजाऱ्यासाठी काय शिल्लक ठेवतो, हे विचारले पाहिजे. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्यांचा वाटा असतो, ही शिकवण आमच्या घरांत लहानपणीच कानावर पडते. एलईडीच्या वादात पाणीही आहे आणि आगही.

कोकणात काय बदलले

पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात. खालच्या कडांतून ओवलेली दोरी खेचली, की बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे तळाकडून बंद होते. बांगडा, तारली यांसारखी थव्याने वर फिरणारी मासळी त्यात सबंध अडकते. हे जाळे नुसते वापरायचे, तर आधी थवा शोधावा लागतो. कधी सापडतो, कधी नाही. ‘कधी नाही’ एवढीच मासळीला मिळणारी सवलत होती.

एलईडीने ती सवलत काढून घेतली. नौकेवर जनरेटर बसवायचा, पाण्यावर आणि पाण्याखालीही दिवे सोडायचे आणि मासळी येण्याची वाट पाहायची. बऱ्याचदा दिव्यांची नौका वेगळी असते आणि जाळ्याची वेगळी. मासळी पुरेशी जमली की जाळ्याची नौका येऊन फेरा मारते. थव्याला शोधायचे कष्ट संपले. थवा स्वतः चालत येतो. त्याच्याबरोबर म्हाकूल येते, सुरमईची पिल्ले येतात, अजून एकदाही अंडी न घातलेली मासळी येते. मोठी मासळी बाजारात जाते, आणि बारीक मासळीचा बराच भाग फिशमीलच्या कारखान्यात दळला जातो. व्हिक्टोरियाच्या काठावर बारीक मासळी माणसाच्या ताटात पोहोचावी म्हणून दिवा लागतो. आपल्याकडे लागलेल्या दिव्यात, जी पुढे माणसाच्या ताटात आली असती ती मासळी पिल्लू असतानाच कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते.

याचा फटका कोणाला बसतो? मालवणकडे रापण ओढणाऱ्याला बसतो. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. ते मासळीमागे समुद्रात जाऊ शकत नाही, मासळी किनाऱ्याकडे आली तरच त्यात येते. साध्या होडीतून न्हैय किंवा वावरी लावणाऱ्या माणसाला बसतो. तो गाबीत असेल, खारवी असेल, कोळी असेल आणि दालदीही असेल. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही मासेमारी करणारे मुसलमान म्हणून दालदींची नोंद आहे. पर्ससीन कोकणात येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून हा समाज लहान होड्यांतून मासे पकडत होता. त्यातल्या सगळ्यांच्या काही मोठ्या नौका झालेल्या नाहीत. ज्यांच्या झाल्या नाहीत, त्यांची बाजू आपल्या गटांमध्ये कोणीच मांडत नाही. मुसलमान मच्छीमार म्हटले की आपल्याला फक्त नौकेचा मालक आठवतो.

आकड्यांचे बोलायचे, तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१९ साली महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरल्याची नोंद केली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. गेल्या ४५ वर्षांतला तो सर्वांत कमी आकडा होता. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी अनेक दिवस नौका बंदरात ठेवल्या, हेही खरे. तारलीची संख्या समुद्राच्या तापमानाबरोबर वरखाली होते, हेही खरे. सगळा दोष एलईडीवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण पीक आधीच कमी असेल, तर बियाणे खाऊन टाकू नये एवढे शेतकऱ्याला कळते.

कायदा आहे, मग अडते कुठे

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा आखून दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशाच्या संपूर्ण सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी व इतर कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने जुन्या कायद्यात दुरुस्ती केली, दंडाच्या रकमा लाखांत नेल्या आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यातले उत्तनही त्या ठिकाणांमध्ये आहे.

म्हणजे कागद भरपूर आहेत. अडचण समुद्राच्या वाटणीत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अधिकार चालतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. नौका रेषेच्या अलीकडे सापडली की ती म्हणते, पलीकडून येत होते. पलीकडे सापडली तर राज्याची गस्ती नौका म्हणते, आमची हद्द नाही. शिवाय दिवा ही बटणाने विझणारी वस्तू आहे. गस्तीच्या नौकेचा दिवा दूरवर दिसला की इकडचे दिवे विझतात, आणि दोन वेगळ्या नौकांचा हिशेब जुळवणे तर त्याहून अवघड.

मालकांचे म्हणणे

माझ्या नात्यात नौकेत भाग असलेली माणसे आहेत. मुंब्र्यात आणि कल्याणात अशी घरे पुष्कळ सापडतील. आखातात कमावलेला पैसा, भावाभावांनी एकत्र केलेले पैसे, बायकोचे दागिने आणि वर बँकेचे कर्ज असे करून एकेक नौका पाण्यात उतरलेली असते. त्यामुळे त्यांचे म्हणणे मी हलके समजत नाही. ते मी ऐकलेल्या शब्दांतच थोडक्यात मांडतो.

ते म्हणतात, हंगाम चार महिन्यांवर आणला, मग कर्जाचे हप्ते बारा महिने कसे भरायचे? डिझेल महागले. खलाशी नेपाळहून आणावे लागतात, त्यांना हंगामाआधीच उचल द्यावी लागते. मलपेच्या आणि गुजरातच्या मोठ्या नौका आपल्या समोर येऊन मासळी घेऊन जातात, त्यांना कोण विचारते? आम्ही दिवा नाही लावला, तर ते लावतील. आणि सर्वांत शेवटी, सगळे आम्हालाच का धरतात, हे तुला माहीत आहे ना?

यातली पहिली तीन गाऱ्हाणी खरी आहेत, पण ती दिव्याचे समर्थन होऊ शकत नाहीत. कर्ज जास्त आहे म्हणून बंदी असलेल्या पद्धतीने मासे पकडायचे, तर लहान होडीवाल्यावरही कर्ज आहे. त्याने काय करायचे? कर्जाचे उत्तर सरकारकडे आणि बँकेकडे मागायचे असते. पर्ससीन सोडून दुसऱ्या पद्धतीकडे वळणाऱ्या नौकेला हप्त्यांत सवलत, जाळे बदलण्यासाठी मदत, परवाना परत करणाऱ्याला मोबदला अशा मागण्यांसाठी मालकांच्या संघटनांनी भांडावे. त्या भांडणात मी त्यांच्या बाजूने लिहीन. पण ती मागणी दिवे विझवल्यानंतरच वजनदार होईल.

परराज्यातल्या नौकांचा मुद्दा तर उलटा आहे. २०१७ ची बंदी केंद्राची आहे. ती मलपेलाही लागू आहे, वेरावळलाही आणि गोव्यालाही. ‘सगळ्यांना सारखी लागू करा’ असे म्हणण्याचा हक्क तोच बजावू शकतो, ज्याच्या स्वतःच्या नौकेवर जनरेटर नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाचा आधार ज्यांना दिसतो, त्यांनी जानेवारी २०२३ चा तामिळनाडूबाबतचा अंतरिम आदेश नीट वाचावा. न्यायालयाने १२ सागरी मैलांच्या पलीकडे पर्ससीनला मुभा दिली. पण आठवड्यातून फक्त २ दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत. दिवसाढवळ्या दिव्याची गरज कोणाला पडते?

आणि धर्माचा मुद्दा

राहिले शेवटचे गाऱ्हाणे, आम्हालाच का धरतात. यावर मौन पाळणे मला पटत नाही, कारण त्यात तथ्य आहे. मलपेच्या मोठ्या नौकांचे मालक बहुतांश हिंदू आहेत. गोव्यातल्या मालकांत हिंदू आहेत आणि ख्रिस्ती आहेत. रत्नागिरीतही पर्ससीनच्या नौका फक्त मुसलमानांच्या नाहीत. यांतल्या कोणाबद्दलही ‘अमुक धर्माचे लोक दर्या लुटतात’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मुसलमान मालकाच्या बाबतीत मात्र त्याच्या जाळ्याआधी त्याचे नाव वाचले जाते. बंदरावर कारवाई झाली की ती बेकायदा बांधकामावरची कारवाई न राहता, कोणाला तरी धडा शिकवल्याचा व्हिडिओ म्हणून फिरते. यातून मासळी एक किलोनेही वाढत नाही. उलट दिवे लावणाऱ्या सगळ्याच मालकांना लपायला आडोसा मिळतो. मुसलमान मालक म्हणतो, हा धर्माचा छळ आहे. दुसरा मालक म्हणतो, ते काम ‘त्यांचे’ आहे, आमचे नाही. आणि मधल्यामध्ये रापणवाल्याचे जाळे रिकामे राहते.

हे भांडण मुळात असे नव्हते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले. मथानी साल्ढाणा त्यांचे एक नेते होते. मोर्चे झाले, उपोषणे झाली, समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या. मागणी एकच होती, किनाऱ्याजवळचे पाणी हाताने जाळे ओढणाऱ्यासाठी राखा. रापणकारांत ख्रिस्ती होते, हिंदू होते. ट्रॉलर मालकांतही दोन्ही होते. त्या आंदोलनात माणसाची ओळख तो कोणते जाळे टाकतो यावरून ठरत होती. गोव्याचा मासेमारी नियमन कायदा १९८० चा आणि आपला १९८१ चा. या कायद्यांमागे त्या काळातल्या अशा लढ्यांचा दाब होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या मच्छीमाराला जी रेषा स्वच्छ दिसत होती, ती आज फोनच्या पडद्यावर पुसट झाली आहे.

ती पुन्हा स्पष्ट करण्याचे काम आपण करू शकतो. मुसलमान लेखक, शिक्षक, वकील, जमातीचे पदाधिकारी यांनी उघडपणे सांगावे की आम्ही एलईडीच्या विरोधात आहोत आणि लहान होडीवाल्याच्या बाजूने आहोत, तो कोणत्याही समाजाचा असो. असे सांगितल्याने आपल्याला शिव्या देणारे गप्प बसतील, अशी माझी भाबडी समजूत नाही. पण मालवणच्या रापणवाल्याला आणि मिरकरवाड्याच्या लहान दालदी मच्छीमाराला एकमेकांशी बोलायला जागा मिळेल. दोघांचे नुकसान एकच आहे.

ठाणे-कल्याणमध्ये बसून काय करायचे

इथून रत्नागिरी सव्वातीनशे किलोमीटर लांब, आपण काय करणार, असे वाटू शकते. पण या साखळीचे दुसरे टोक आपल्याच शहरांत आहे. कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, ठाणे ही खाडीकाठची गावे. एकेकाळी इथल्या कोळ्यांना उल्हास नदीत आणि खाडीत मासळी मिळत असे. कारखान्यांचे सांडपाणी आणि नगरपालिकांचे मैलापाणी यांनी ती संपवत आणली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने जबाबदार संस्थांना ९५ कोटींचा दंड ठोठावला होता. खाडी अशी गेल्यावर आपले ताट बाहेरून येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांवर अवलंबून राहिले. त्या पेट्यांत काय येते, यात आपला वाटा आहे.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडणे बेकायदा झाले. हा नियम बाजारात कोणाला माहीत आहे? तळहाताहून लहान पापलेट आणि वीतभर सुरमई आपण ‘तळायला बरी’ म्हणून आनंदाने घेतो. घेणारा आहे म्हणून ती पेटीत भरली जाते. मासळी विकणाऱ्या बाईशी यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ती पहाटे घाऊक बाजारातून मिळेल ते आणते. पण आपण लहान मासा घेतला नाही आणि का घेत नाही ते तिला नीट सांगितले, तर ती गोष्ट पुढे घाऊक बाजारात जाते. महापालिकांनी त्यांच्या मासळी बाजारांत या किमान आकारांचा फलक लावायला काय हरकत आहे? ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडी या तिन्ही महापालिकांकडे ही मागणी करता येईल. त्यासाठी निधी लागत नाही, एक रंगवलेली पाटी लागते.

दुसरे काम गावच्या जमातींचे. कोकणातल्या जवळपास प्रत्येक मुसलमान गावाची मंडळी मुंब्रा-कौसा-कल्याणमध्ये अधूनमधून एकत्र बसतात. कबरस्तानाची भिंत, मशिदीची दुरुस्ती, मुलांच्या फीची मदत, सगळे विषय तिथे निघतात. त्यात एक विषय वाढवावा. ज्यांचा नौकेत भाग आहे, त्यांनी वर्षाअखेरीला नफा किती झाला याबरोबर तो कसा झाला, हेही विचारावे. भागीदाराने असे विचारणे म्हणजे तांडेलावर अविश्वास नव्हे. उद्या नौका जप्त झाली, लाखांचा दंड झाला, तर भरायचा भागीदारालाच आहे.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची. अंधारात दिव्यामागे धावण्यापेक्षा बंदरातच तपासणी करा. मासेमारी नौकेवर एवढा मोठा जनरेटर आणि दिव्यांचे सांगाडे कशासाठी, हे नौका बाहेर पडण्याआधी विचारता येते. डिझेलची सवलत आणि परवान्याचे नूतनीकरण या तपासणीशी जोडा. ती मिरकरवाड्यात करा, देवगडात करा, हर्णैत करा आणि उत्तनलाही करा. कारवाईची यादी दर महिन्याला जाहीर करा, नौकेच्या नोंदणी क्रमांकासह. नंबर जाहीर झाले की नावांवरून चाललेल्या अफवांना आपोआप आळा बसेल.

पावसाळ्याची बंदी संपली की ऑगस्टमध्ये नौका पुन्हा पाण्यात जातील आणि सप्टेंबरपासून पर्ससीनचा हंगाम सुरू होईल. त्याआधी गावच्या जमातीची एखादी बैठक होईलच. नौकेत ज्यांचा भाग आहे त्यांनी त्या बैठकीत तांडेलाला एवढेच सांगावे, यंदा आपल्या नौकेवर दिवे चढणार नाहीत. त्याने विचारले की हप्त्यांचे काय, तर तो प्रश्न घेऊन सगळ्यांनी मिळून मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारात जावे. बरोबर मालवणचे रापणवाले असतील तर आणखी बरे.